विषाआधी पोचणारी साखर

संपादकांचा फोन आला तोवर यंदाच्या दिवाळी अंकाचा विषय ठरलेला होता, साखर. ऊस, कारखाने, मधुमेह आणि फराळ हे प्रांत माझ्याआधीच्या हुशार मंडळींनी वाटून घेतले होते. "तुम्ही जरा विज्ञानाच्या बाजूने बघा," एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला. त्यामुळे एका सकाळी मी पुण्यातल्या एका महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात उंच स्टुलावर बसले होते, आणि समोर मॅडम तीन काचपट्ट्या पुसून ओळीने मांडत होत्या.

तिन्ही पट्ट्यांवर त्यांनी ई. कोलाय या जंतूंच्या पाण्याचा एकेक थेंब टाकला. हे जंतू मुद्दाम न हलवता वाढवलेले होते. तसे वाढवले की त्यांच्या अंगावर बारीक केसांसारखे तंतू चांगले उगवतात आणि त्या तंतूंच्या टोकाशी पकड असते. पहिल्या थेंबात मॅडमनी साधं मिठाचं पाणी मिसळलं, दुसऱ्यात ग्लुकोज, तिसऱ्यात मॅनोज नावाची साखर. मग तिन्हींवर पावाचं यीस्ट कालवलेलं दुधाळ पाणी सोडलं आणि पट्ट्या हातात घेऊन हलकेच डुलवायला सुरुवात केली.

मिनिटभरात पहिल्या पट्टीवरचा दुधाळपणा तुटला आणि बारीक रव्याएवढे पांढरे कण दिसू लागले. दुसरीवरही तेच. तिसरी मात्र होती तशीच, एकसारखी दुधाळ.

"यीस्टच्या अंगावर मॅनोज असते," मॅडम म्हणाल्या. "जंतू तिलाच धरतो आणि यीस्टच्या पेशी एकमेकींना चिकटवून टाकतो. पण पाण्यात सुटी मॅनोज भरपूर असली, की त्याचे सगळे हात तिथेच गुंततात. यीस्ट धरायला हात उरतच नाही."

"आणि ग्लुकोज? तीही साखरच की."

"दोघींत फरक किती, तर एका कार्बनवरचा एक हायड्रॉक्सिल गट वर की खाली, एवढाच. पण जंतूला तेवढा पुरतो."

इस्राएलमधल्या इट्झाक ओफेक आणि नेथन शेरॉन यांच्या गटाने १९७७ साली हीच गोष्ट माणसाच्या पेशींवर दाखवली होती. आपल्या शरीरात येणारे पुष्कळ जंतू, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यांनी सोडलेली पुष्कळ विषं, पेशीवर उतरण्यासाठी तिथल्या विशिष्ट साखरेचा आधार घेतात. मग तीच साखर तोतया म्हणून वाटेत उभी केली तर? या एका प्रश्नामागे गेली पन्नास वर्षं प्रयोगशाळा लागल्या आहेत. उत्तर कळायला सोपं आहे आणि वापरायला फार अवघड. का अवघड, तेच मला बघायचं होतं.

एक खुलासा इथेच केलेला बरा, नाहीतर दिवाळीत भलताच समज व्हॉट्सॲपवर फिरेल. या लेखातली साखर म्हणजे डब्यातली साखर नव्हे. चहातली साखर लहान आतड्यात फुटते, शोषली जाते आणि संपते. तिचा आकारही कुठल्या विषाला हवा तसा नाही. जास्त गोड खाऊन पटकी टळत नाही.

पेशीच्या अंगावरची साखर

शाळेत आपण पेशीचं चित्र काढतो ते गुळगुळीत गोल. खरी पेशी तशी नसते. तिच्या पटलातल्या प्रथिनांना आणि स्निग्ध पदार्थांना बाहेरच्या अंगाने साखरांच्या छोट्या फांद्या फुटलेल्या असतात, आणि कुठल्या पेशीवर कुठली फांदी हे बऱ्यापैकी ठरलेलं असतं. आपला रक्तगट म्हणजे दुसरं काही नाही. 'ए' गटाच्या फांदीच्या टोकाशी एक साखर, 'बी' गटाच्या टोकाशी दुसरी, आणि 'ओ' गटात ही टोकाची साखरच नाही. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईतल्या काही लोकांचं असं रक्त जगापुढे आणलं, की जे यातल्या कुठल्याच गटात बसेना. त्यांच्या फांदीवर 'ओ' गटातही असणारी फ्युकोज नावाची साखरसुद्धा नव्हती. तोच 'बॉम्बे ब्लड ग्रुप'. आपल्याकडे दहा हजारांत एखाद्याचा असतो, आणि त्याला रक्त लागलं की अजूनही रात्री-अपरात्री मेसेज फिरतात.

हे सांगायचं कारण असं, की 'ओ' गटाच्या माणसाला पटकी झाली तर ती जास्त जोराची होते, हे दक्षिण आशियातल्या अभ्यासांतून अनेकदा दिसलं आहे. पटकीचं मूळ घर असलेल्या बंगालच्या त्रिभुज प्रदेशात 'ओ' गटाचं प्रमाण कमी आहे. शतकानुशतकं पटकीने तिथल्या माणसांची अशी निवड केली असावी, असा तर्क त्यावरून केला जातो. तो तर्क पूर्ण सिद्ध आहे असं मी म्हणणार नाही, पण पेशीवरची एखादी साखर असण्या-नसण्याने जगण्या-मरण्यात फरक पडू शकतो, हे मात्र नक्की.

कलकत्ता आणि परळ, १९५९

पटकी म्हटलं की आपल्याकडे गावाच्या शिवेवरची मरीआई आठवते, तिचा गाडा आठवतो, पोतराजाचा कोरडा आठवतो. वारी आणि पटकी यांची जोडी एकोणिसाव्या शतकातल्या सरकारी कागदांत पानोपानी भेटते. रॉबर्ट कॉखने १८८४ मध्ये कलकत्त्यात पटकीचा स्वल्पविरामासारखा जंतू पक्का ओळखला आणि तो काहीतरी विष सोडत असावा असंही म्हणून ठेवलं. पण ते विष पुढची पंचाहत्तर वर्षं कुणाच्या हाती लागलं नाही. संशोधक जंतू प्राण्यांच्या शिरेत टोचत, पोटाच्या पोकळीत टोचत. आतड्याच्या आत काय होतं ते बघायचं राहूनच गेलं.

कलकत्त्याच्या डॉ. शंभुनाथ डे यांनी तिथेच बघितलं. सशाच्या आतड्याचा एक तुकडा दोन्हीकडून दोऱ्याने बांधायचा आणि त्यात पटकीच्या जंतूंचं पाणी भरायचं. एका दिवसात तो तुकडा पाण्याने टरारून फुगतो. मग त्यांनी जंतू गाळून काढले आणि नुसता गाळलेला द्रव भरला. तरीही आतडं फुगलं. म्हणजे करामत जंतूची नव्हती, त्याने पाण्यात सोडलेल्या विषाची होती. हा शोधनिबंध मे १९५९ मध्ये 'नेचर'मध्ये आला.

आता आपल्या घरची गोष्ट. त्याच वर्षी मुंबईत, परळच्या हाफकिन संस्थेत, एन. के. दत्ता, पानसे आणि कुलकर्णी यांनी सशाच्या नवजात पिल्लांना जिवंत जंतू नसलेला पटकीचा अर्क तोंडावाटे पाजला आणि पिल्लांना पटकीसारखे जुलाब सुरू झाले. दोन शहरांत, दोन वेगळ्या रीतींनी, एकाच वर्षात एकच निष्कर्ष. एके काळी गव्हर्नरचा बंगला असलेली परळची ती वास्तू आपण प्लेगच्या लशीसाठी ओळखतो. पटकीच्या विषाची साक्षही तिथे निघाली, हे मुंबईकरांना क्वचितच माहीत असतं. मलाही या लेखापर्यंत माहीत नव्हतं.

डे यांचं पुढे काय झालं, तेही सांगायला हवं. नोबेल विजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी त्यांचं नाव नोबेलसाठी एकाहून अधिक वेळा सुचवलं. १९७८ मध्ये स्टॉकहोमच्या नोबेल परिसंवादाला त्यांना बोलावणं आलं. आपल्या देशाने मात्र ते हयात असताना त्यांची म्हणावी तशी दखल घेतली नाही. ते १९८५ मध्ये गेले.

चिमूट आणि साखळी

विष सापडलं, शुद्ध करून झालं, मग प्रश्न आला, ते पेशीला धरतं कुठे? ऑक्सफर्डच्या डब्ल्यू. ई. व्हॅन हेनिंगन यांना धनुर्वाताचं विष मेंदूतल्या गँग्लिओसाइड या स्निग्ध पदार्थांना चिकटतं हे आधीपासून ठाऊक होतं. गँग्लिओसाइडचं एक टोक पेशीच्या पटलात रुतलेलं असतं आणि दुसऱ्या टोकाला साखरांची फांदी असते. १९७१ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी पटकीच्या विषात गँग्लिओसाइड मिसळून पाहिलं, तर विषाचा जोर गेला. १९७३ पर्यंत नेमकं नाव हाती आलं, जीएम-१. त्याच्या टोकाला पाच साखरांची फांदी आहे. साखरेने विष अडवण्याची कल्पना तेव्हापासूनची.

विषाची घडण मॅडमच्या संगणकावर मी बराच वेळ बघत बसले. खाली पाच सारख्या प्रथिनांचं कडं आणि वर कड्याच्या भोकात शेपूट खुपसून बसलेला सहावा भाग. खालच्या पाचांना 'बी' म्हणतात, वरच्याला 'ए'. खरं विष 'ए'. 'बी'चं काम फक्त धरायचं. प्रत्येक 'बी'ला एकेक खोबण असते आणि त्यात जीएम-१ची फांदी बसते. १९९४ मध्ये हे स्फटिकरूपात दिसलं तेव्हा संशोधकांनी त्याचं वर्णन दोन बोटांची पकड असं केलं. फांदीच्या टोकाची गॅलॅक्टोज आणि बाजूचं सियालिक आम्ल ही ती दोन बोटं, आणि त्यांच्या चिमटीत विष. एकदा धरलं, की पेशी स्वतःच ते सगळं आत ओढून घेते. आत 'ए' सुटतो आणि पेशीतलं एक बटण कायमचं चालू करून ठेवतो. क्षाराचे दरवाजे उघडे राहतात, क्षार आतड्यात वाहतो, त्यामागे पाणी. जोराच्या पटकीत तासाला लिटरभर पाणी जाऊ शकतं.

'ए' काढून टाकला तर उरलेलं 'बी'चं कडं निरुपद्रवी असतं. पेशीच्या अभ्यासात ते रंग लावून खूण म्हणून वापरतात आणि पटकीच्या एका तोंडी लशीतही घालतात. मॅडमच्या एका विद्यार्थिनीने मला सूक्ष्मदर्शकाखाली हेच दाखवलं. एका खळग्यात हिरवं चमकणारं कडं नुसतं सोडलं होतं. तिथे प्रत्येक पेशीच्या कडेने हिरवी रेघ होती, कुठे ठळक, कुठे तुटक. शेजारच्या खळग्यात त्याच कड्याबरोबर जीएम-१ची सुटी फांदी आधीच मिसळून ठेवली होती. तिथे काळोख. डोळा सरावल्यावर कडेला एखाददुसरा हिरवा ठिपका दिसला, इतकंच.

"ही फांदी किती घातलीस?" मी विचारलं.

"अगदी थोडी, मॅम. फार महाग येते. मिलिग्रॅमचा भाव बघितला तर सोनं स्वस्त वाटतं."

मग महाग फांदीऐवजी साधी गॅलॅक्टोज का नको? कारण एकटी गॅलॅक्टोज विषाला फार सैल धरते, लगेच सुटते. या सगळ्या विषयाचा गाभा इथे आहे, आणि तो कबड्डी खेळलेल्याला चटकन कळेल. चढाई करणाऱ्याचा घोटा एकाने धरला तर तो झटका देऊन निसटतो, पण पाच जणांनी साखळी करून धरला तर मध्यरेषेला त्याचा हात लागत नाही. विषाला पाच खोबणी आहेत, म्हणून तोतयालाही पाच हात हवेत. २००० साली अमेरिकेत एर्कांग फान आणि विम हॉल यांच्या गटाने एका मधल्या गाभ्यातून पाच लांब दोऱ्या काढून प्रत्येकीच्या टोकाला गॅलॅक्टोज बांधली. विषाच्या जातभाईवर, म्हणजे ई. कोलायच्या तशाच विषावर, पाच हातांच्या या रचनेची ताकद सुट्या गॅलॅक्टोजच्या सुमारे लाखपट भरली.

त्याच वर्षी कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात डेव्हिड बंडल यांच्या गटाने 'स्टारफिश' केला. हा शिगा विषासाठी. शिगा म्हणजे रक्ती आवेच्या जंतूचं विष. ई. कोलायच्या काही जातीही तेच सोडतात आणि मग लहान मुलांच्या मूत्रपिंडांवर बेततं. स्टारफिशला पाच बाहू आणि प्रत्येक बाहूवर दोन फांद्या. एकाच विषकणातल्या दोन-दोन जागा प्रत्येक बाहूने धराव्यात, असा बेत होता. स्फटिक तपासला तर भलतंच दिसलं. त्याने समोरासमोर तोंड केलेले दोन विषकण धरले होते, मध्ये स्टारफिश आणि वर-खाली विष. बेत फसला आणि पकड मात्र सुट्या फांदीच्या दहा लाख ते एक कोटी पट निघाली. इंग्लंडमध्ये लीड्सच्या ब्रूस टर्नबुल यांच्या गटाने पुढे आणखी खट्याळपणा केला. विषाचंच कडं घेतलं, त्याची खोबण मोडून टाकली आणि त्याच्या पाच भागांवर जीएम-१च्या फांद्या लावल्या. माप आपोआप जुळलं, कारण माप विषाचंच होतं.

दवाखान्यात काय झालं

प्रयोगशाळेत इतकं सरळ जमलेलं रोग्याच्या पोटात का जमलं नाही?

पहिला मोठा प्रयत्न ढाक्यातला. १९८० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्याचा अहवाल आला. कोळशाच्या भुकटीवर जीएम-१ चढवून ती पटकीच्या रोग्यांना दिली. आतड्यातलं सुटं विष त्या भुकटीने धरलं. पण रोगी दवाखान्यात येतो तो जुलाब सुरू झाल्यावर, म्हणजे विष पेशीत शिरून बटण दाबून झाल्यावर. त्या विषाला बाहेरची साखर काय करणार? हा उपाय नेहमीच्या उपचारात आला नाही.

दुसरा प्रयत्न कॅनडा आणि अमेरिकेतला. शिगा विषाची फांदी वाळूसारख्या कणांवर बसवून 'सिन्सॉर्ब पीके' नावाचं औषध केलं आणि मूत्रपिंडं बिघडू लागलेल्या १४५ मुलांवर त्याची रीतसर चाचणी झाली. २००३ मध्ये निकाल आला, औषध घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांत फरक नाही. कारण पुन्हा तेच. जुलाब आधी होतात, मूत्रपिंडं काही दिवसांनी बिघडतात, तोवर विष आतड्यातून रक्तात गेलेलं असतं, आणि औषध आतड्यात फिरत राहतं.

मॅनोजचीही अशीच कथा. लघवीच्या जळजळीवर आणि वारंवार होणाऱ्या संसर्गावर मॅनोजच्या पुड्या मेडिकलमध्ये मिळतात, काचपट्टीवर बघितलेल्याच तत्त्वावर. ब्रिटनमध्ये ५९८ स्त्रियांना सहा महिने रोज मॅनोज किंवा दिसायला तशीच दुसरी पावडर देऊन बघितली. २०२४ मध्ये निकाल लागला. मॅनोजवाल्यांपैकी ५१ टक्के आणि दुसऱ्या गटातल्या ५५.७ टक्के स्त्रियांनी पुन्हा संसर्गाची तक्रार केली. हा फरक धरण्याजोगा नाही. काचपट्टीवर दोन थेंब असतात. शरीरात पाणी वाहतं असतं आणि साखरेला योग्य जागी, पुरेशी, बराच काळ टिकावं लागतं.

मला स्वतःला यातून असं वाटतं, की तोतया साखरेला औषध म्हणून बघण्यातच गफलत झाली. ती रोगी आल्यावर द्यायची गोष्ट नाही. विष येण्याआधी जागेवर हजर असेल तरच तिचा उपयोग.

सिंहगड रस्त्यावर तोच जीएम-१

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात जीबीएसची, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोमची, साथ आली. सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी. दोनशेच्या वर संशयित रुग्ण, काही व्हेंटिलेटरवर. विहिरीच्या पाण्याची चर्चा झाली आणि काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर नावाचा जंतू सापडला. पुणेकरांना हे नाव त्या महिन्यात पाठ झालं. जुलाबांचा जंतू हातापायांतली ताकद कशी काढून घेतो, हे मात्र फार थोड्यांना कुणी समजावून सांगितलं.

त्याचं उत्तर जीएम-१मध्ये आहे. कॅम्पायलोबॅक्टरच्या काही जाती स्वतःच्या अंगावर हुबेहूब जीएम-१सारखी फांदी बनवतात. जपानच्या नोबुहिरो युकी यांच्या गटाने १९९३ मध्ये ते दाखवलं. शरीर जंतूविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं, आणि मज्जातंतूंवरही जीएम-१ भरपूर असल्यामुळे तीच प्रतिपिंडं तिकडे वळतात. म्हणजे इथे तोतया साखर जंतूच्या बाजूने आहे.

ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या जेम्स आणि ॲड्रिएन पेटन यांच्या गटाने नेमकी हीच युक्ती उलटवली. निरुपद्रवी ई. कोलायमध्ये दुसऱ्या जंतूंची जनुकं घालून त्याच्या अंगावर विषाला हवी ती फांदी उगवायची आणि तो जंतू पाजायचा. शिगा विषासाठी त्यांनी २०००मध्ये हे उंदरांत करून दाखवलं, आणि २००६मध्ये पटकीसाठी उंदरांच्या पिल्लांत. कल्पना फार सुंदर आहे. हा जंतू स्वस्तात वाढतो आणि दुर्मीळ साखर स्वतःच बनवतो. पण पुण्याची ती साथ बघितल्यावर मी तरी सावध आहे. जीएम-१ अंगावर मिरवणारा जिवंत जंतू निरोगी माणसाला पाजायचा, तर तो मज्जातंतूंवर उलटणार नाही याची खात्री आधी हवी. युरोपात एके काळी गुरांच्या मेंदूतून काढलेल्या गँग्लिओसाइडची इंजेक्शनं मज्जातंतूंच्या दुखण्यावर देत. ती घेतलेल्या काहींना जीबीएस झाल्याच्या नोंदी आल्या आणि अनेक देशांत ती बंद झाली. नुसती साखरेची फांदी देणं आणि अख्खा जंतू पाजणं यांत फरक आहेच, पण ही शंका मिटवल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

चीक

विषाआधी हजर असलेली साखर निसर्गात आहे का? आहे. आईच्या दुधात.

दुग्धशर्करा आणि स्निग्धांश सोडले तर आईच्या दुधातला तिसरा मोठा घनपदार्थ म्हणजे लहान-लहान साखळ्यांच्या शर्करा. लिटरला साधारण पाच ते पंधरा ग्रॅम, दोनशेच्या आसपास प्रकार. आणि गंमत अशी, की बाळाला त्या पचतच नाहीत. मग आई इतकी मेहनत कुणासाठी करते? काही शर्करा बाळाच्या पोटातल्या चांगल्या जंतूंचं अन्न होतात, आणि काहींचे आकार पेशीवरच्या फांद्यांशी मिळतेजुळते असतात. दुधात गँग्लिओसाइडही थोडे असतात. नॉर्वेच्या संशोधकांनी १९८०च्या दशकात दाखवलं, की दुधातला हा अंश पटकीच्या आणि ई. कोलायच्या विषाला अडवतो. मेक्सिको सिटीत आई-बाळांच्या जोड्यांवर लक्ष ठेवलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष २००४ मध्ये आला. ज्या आयांच्या दुधात फ्युकोज असलेली एक ठरावीक शर्करा जास्त, त्यांच्या बाळांना कॅम्पायलोबॅक्टरचे जुलाब कमी. म्हणजे सिंहगड रस्त्यावरचाच जंतू. ही शर्करा आता कारखान्यात जंतूंकडून बनवून घेतात आणि बाळाच्या डब्यातल्या दुधात घालतात. सगळ्याच आयांच्या दुधात ती नसते. जवळपास पाचातल्या एकीत ती बनवणारं जनुक काम करत नाही, आणि तिची बाळंही वाढतातच. दुधात प्रतिपिंडंही असतात. श्रेय किती साखरेचं आणि किती प्रतिपिंडांचं, हे वेगळं काढणं कठीण आहे.

सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावात आशाताईंना मी चिकाबद्दल, म्हणजे बाळंतपणानंतरच्या पहिल्या दुधाबद्दल, विचारलं. त्या नोंदवहीतून मान वर न करता म्हणाल्या, "आधी पिळून टाकायच्या. पिवळा हाय, बाळाला बाधतो म्हणायच्या. आता कुणी टाकत न्हाई."

"मग सगळं नीट?"

"नीट कसलं. माझी पाठ वळली की आज्जी मधाचं बोट लावतीच. ते सुटत न्हाई बघा."

पंढरपुरात

आषाढीच्या आदल्या दिवशी पंढरपुरात, टँकरच्या रांगेपाशी, आरोग्य खात्याचे एक कर्मचारी परीक्षानळीत पाणी घेऊन त्यात ओटीचे थेंब टाकत होते. पाणी पिवळं झालं की क्लोरीन आहे, टँकर सोडा. रंग आला नाही तर टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, घाला आणि थांबा. मागे वारकऱ्यांची घाई, ड्रायव्हरची कुरकुर. ते शांतपणे नळी उजेडासमोर धरत होते.

"पटकी बघितलीत का तुम्ही?" मी विचारलं.

"आमच्या साहेबांनी बघितली असेल. आम्ही गॅस्ट्रोवाले." आणि नळी धुऊन पुढच्या टँकरकडे गेले.

पलीकडच्या तंबूत जलसंजीवनीच्या पुड्यांचे खोके होते. पटकीत शेवटी जी साखर कामी आली ती ही, साधी ग्लुकोज. ती विषाला अडवत नाही, विषाच्या वाटेलाही जात नाही. पण विषाने क्षाराचे दरवाजे उघडे टाकले तरी पेशीतला आणखी एक दरवाजा शाबूत राहतो. तो ग्लुकोज आणि सोडियम यांना जोडीने आत घेतो, आणि त्यांच्यामागे पाणी आत येतं. आतड्याचं अस्तर काही दिवसांत नवं होतं, तोवर माणूस या पाण्यावर तगतो. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी नातेवाइकांच्या हातात दिलं आणि पाजायला सांगितलं. तीस टक्क्यांच्या घरातला मृत्युदर ३.६ टक्क्यांवर आला. पद्मविभूषण त्यांना २०२३ मध्ये मिळालं, मरणोत्तर.

विष अडवणाऱ्या साखरेला दवाखान्याची पायरी अजून चढता आलेली नाही. पटकीवर किंवा शिगा विषावर असं एकही औषध आज वापरात नाही. ती आली तर माझ्या मते साथीच्या गावात, रोगी पडण्याआधी, घरातल्या निरोगी माणसांना द्यायची गोष्ट म्हणून येईल, आणि ती पुडीइतकी स्वस्त असावी लागेल.

तोवर जलसंजीवनीच्या दोन पुड्या घरात असू द्या. दुकानातली फळांच्या चवीची गोड पेयं म्हणजे जलसंजीवनी नव्हे. पुडीवर जितकं पाणी लिहिलेलं असतं, तितकं पूर्ण आणि स्वच्छ पाणी घ्या. पेलाभर पाण्यात अंदाजाने थोडी पावडर टाकून पाजू नका, त्याने मिठाचं प्रमाण चुकतं. केलेलं पाणी चोवीस तासांत संपलं नाही तर टाकून द्या आणि नवी पुडी फोडा. तान्ह्या बाळाला जुलाब होत असले तरी अंगावरचं दूध बंद करू नका.